उंदरातलं एकच जनुक, एकाच अवयवात बंद: बेळगावकरांनी विचारलेले प्रश्न

मी बेळगावचा, शहापुरातला. बंगळुरात उंदरांवर काम करतोय त्याला ११ वर्षं झाली. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने सकाळी घरी पोचलो की दुपारपर्यंत प्रश्न सुरू होतात. कधी गल्लीतले लोक विचारतात, कधी टिळकवाडीत बीएस्सी-एमएस्सी करणारी पोरंपोरी, कधी निपाणीला दवाखाना चालवणारा मित्र. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे एकदम इंग्रजी, अशी आमच्याकडच्या पुष्कळांची वाट असते. त्यामुळे ‘कंडिशनल नॉकआउट’ हा शब्द परीक्षेपुरता पाठ असतो, पण तो समजावून सांग म्हटलं की गाडी अडते. माझीही अडायची. म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवतोय. काही लांबली आहेत, ती मुद्दाम.

नॉकआउट उंदीर म्हणजे नेमकं काय?

ज्याचं एखादं जनुक मुद्दाम निकामी केलंय असा उंदीर. जनुक काय काम करतं हे कळायला ते काढून घ्यायचं आणि काय बिघडतं ते बघायचं, एवढी साधी कल्पना. ती प्रत्यक्षात आणायला मात्र दोन गोष्टी जुळाव्या लागल्या. १९८१ साली मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशी बशीत वाढवून दाखवल्या. पुढे मारिओ कापेकी आणि ऑलिव्हर स्मिदिस यांनी अशा पेशींमधल्या ठरावीक जनुकावर नेम धरायची रीत बसवली. बदललेल्या पेशी भ्रूणात मिसळायच्या आणि त्यातून पिढी उभी करायची. असे पहिले उंदीर १९८९ मध्ये आले आणि इव्हान्स, कापेकी, स्मिदिस या तिघांना २००७ चं नोबेल मिळालं.

मग त्यात ‘कंडिशनल’ कशाला घुसवलं?

समजा, वडगावातल्या एका गल्लीतले यंत्रमाग कुठल्या तारेवर चालतात ते शोधायचंय. सबस्टेशनातून अख्ख्या शहराची वीज तोडली तर माग थांबतील हे खरं, पण दवाखाने, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या सगळंच थांबेल. त्या गोंधळातून मागाबद्दल काय कळणार? लाइनमन तसं करत नाही. तो त्या गल्लीच्या डीपीवरचा एकच फ्यूज ओढतो.

साधा नॉकआउट म्हणजे सबस्टेशन बंद करणं. गर्भधारणेपासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुक नाहीसं होतं. पुष्कळदा उंदीर जन्मालाच येत नाही. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच गेली, तरी पिल्लू पोटातच मरतं. एकेक जनुक बंद करून बघणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली पहिल्या १,७५१ जनुकांचे निकाल छापले, त्यांतली ४१० जनुकं काढल्यावर उंदीर जगूच शकला नाही. आता अशा जनुकाचं म्हातारपणी मेंदूत काय काम असतं, हे कुणाला विचारायचं? उंदीरच नाही.

दुसरी अडचण जास्त फसवी. उंदीर जगतो, आजारीही पडतो, पण दुखणं मूळचं कुठलं ते कळत नाही. यकृत बिघडलं ते यकृतात जनुक नाही म्हणून, की हृदय दुबळं झालं आणि त्याचा भार यकृतावर आला म्हणून? ही गाठ सोडवायला एक फ्यूज ओढायची सोय हवी होती.

क्री-लॉक्सपी ही भानगड काय आहे?

क्री हे एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. ते आपलं नाही, उंदराचंही नाही. जिवाणूंवर जगणाऱ्या पी-१ नावाच्या विषाणूकडून ते उसनं घेतलंय. हे विकर डीएनएवर फक्त एकच खूण ओळखतं, तिचं नाव लॉक्सपी. ती ३४ अक्षरांची असते. दोन्ही टोकांना १३-१३ अक्षरं एकमेकांच्या उलट मांडलेली आणि मधे ८ अक्षरं. ती मधली ८ अक्षरं खुणेला दिशा देतात, म्हणून आम्ही ती कागदावर बाणासारखी काढतो.

जनुकाच्या महत्त्वाच्या तुकड्याच्या अलीकडे एक बाण आणि पलीकडे एक बाण बसवायचा. दोन्हींचं तोंड एकाच दिशेला. क्री आलं की ते दोन्ही बाण जवळ ओढतं, मधला तुकडा गोल करून बाहेर टाकतं आणि टोकं जोडून देतं. मागे एक बाण उरतो. उंदराच्या सुमारे २७० कोटी अक्षरांच्या संचात ही खूण योगायोगानेही जशीच्या तशी सापडायची नाही, म्हणून बिनधास्त वापरता येते. सस्तन प्राण्यांच्या पेशीत क्री चालतं हे ब्रायन सॉअर यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं.

बाण जनुकाच्या कामाच्या भागात खुपसायचे नाहीत. ते इंट्रॉनमध्ये, म्हणजे संदेश बनताना कापून टाकल्या जाणाऱ्या भागात ठेवायचे. क्री येईपर्यंत जनुक जणू काही झालंच नाही असं चाललं पाहिजे. अशा जनुकाला ‘फ्लॉक्स्ड’ म्हणतात. मधला तुकडा निवडताना त्याच्या अक्षरांना तीनाने भाग जाणार नाही असा निवडतात. मग तो गेल्यावर पुढचं सगळं वाचन एक-दोन अक्षरांनी सरकतं आणि प्रथिन बनतच नाही.

बाण उलटसुलट लागले तर?

तोंडाला तोंड लागलं तर तुकडा निघत नाही, जागच्या जागी उलटा होतो. दोन वेगळ्या गुणसूत्रांवर लागले तर गुणसूत्रांच्या तुकड्यांचीच अदलाबदल होते. दोन्हींचे उपयोग आहेत, पण परीक्षेत विचारतात त्यापेक्षा ते प्रयोगशाळेत कमी लागतात.

बाण तर प्रत्येक पेशीत असणार. मग एकाच अवयवात जनुक कसं जातं?

हा प्रश्न ज्याला पडला त्याला विषय निम्मा कळला. बाण सगळीकडे असतात, कात्री, म्हणजे क्री, सगळीकडे नसते. जनुक कुठे चालू व्हायचं हे त्याच्या पुढचा प्रमोटर नावाचा डीएनएचा तुकडा ठरवतो. क्रीच्या जनुकापुढे ज्या अवयवाचा प्रमोटर जोडाल तिथेच क्री तयार होतं. अल्ब्युमिन यकृतात बनतं, त्याचा प्रमोटर जोडला की कात्री यकृतात. हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनचा जोडला की हृदयात. म्हणजे दोन प्रकारचे उंदीर लागतात, एक बाणांचा आणि एक कात्रीचा. त्यांचं लग्न लावायचं.

जर्मनीत क्लाउस रायेव्स्की यांच्या गटाने १९९४ साली हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं. डीएनए पॉलिमरेज बीटा हे जनुक त्यांनी रक्तातल्या टी-पेशींमध्ये काढलं. एक सोय लक्षात घ्या. बाणांचा उंदीर एकदा तयार केला की तो दहा वेगवेगळ्या कात्र्यांबरोबर जोडता येतो. जनुक तेच, फ्यूज दरवेळी निराळा.

याने आजाराबद्दल काही नवं कळलं का? मधुमेहाचं सांगा.

हा प्रश्न आमच्याकडे बहुधा कुंद्याची वाटी हातात धरूनच विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो. माझ्या मते या तंत्राची खरी कमाल इथेच दिसते.

इन्सुलिनचा निरोप घ्यायला पेशीवर एक ग्राहक-प्रथिन असतं. ते सगळ्या शरीरातून काढलं तर पिल्लं जन्मतात, पण काही दिवसांतच मरतात, रक्तात आम्ल साचून. म्हणजे ग्राहक हवाच, एवढंच कळलं. ते तर आधीच माहीत होतं.

मग बोस्टनमध्ये रोनाल्ड कान यांच्या गटाने बाणांचा उंदीर केला आणि एकेक अवयव घेत गेले. १९९८ मध्ये स्नायू. जेवल्यानंतर इन्सुलिनच्या सांगण्यावरून साखर उचलण्याचं मोठं काम स्नायूंचं, त्यामुळे उंदराला मधुमेह होणार अशीच सगळ्यांची अपेक्षा. झाला नाही! साखर ठीक राहिली. चरबी आणि ट्रायग्लिसराइड मात्र वाढली. १९९९ मध्ये स्वादुपिंडातल्या बीटा-पेशी घेतल्या. या पेशी इन्सुलिन बनवतात, त्यांना स्वतःला इन्सुलिनचा निरोप कशाला? पण ग्राहक काढल्यावर साखर वाढली तरी इन्सुलिन सोडताना त्या कचरू लागल्या. २००० मध्ये यकृत. इथे मात्र साखरेचा पार बोजवारा उडाला. त्याच वर्षी मेंदू. माद्या जास्त खायला लागल्या, चरबीयुक्त खाण्यावर उंदीर लठ्ठ झाले, प्रजननातही अडथळा आला. आणि शेवटी चरबीच्या पेशी. त्यांतून ग्राहक काढलेले उंदीर खाऊन-पिऊन सडपातळ राहिले आणि २००३ च्या निकालानुसार सरासरी १३४ दिवस, म्हणजे १८ टक्के, जास्त जगले.

जनुक तेच. एका जागी नसलं तर रोग, दुसरीकडे नसलं तर जवळजवळ काहीच नाही, तिसरीकडे नसलं तर उलट आयुष्य वाढलं. ‘हे जनुक काय करतं?’ हा प्रश्नच अर्धवट आहे हे मला या उंदरांनी शिकवलं. कुठे आणि केव्हा, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

‘कुठे’ समजलं. ‘केव्हा’ कसं ठरवतात?

कात्रीला कुलूप घालून. क्रीला इस्ट्रोजेनच्या ग्राहकाचा एक बदललेला तुकडा जोडतात. तो तुकडा क्रीला पेशीकेंद्राच्या बाहेर अडवून धरतो. शरीरातल्या नेहमीच्या इस्ट्रोजेनला तो दाद देत नाही, पण टॅमॉक्सिफेन दिलं की कुलूप उघडतं, क्री आत शिरतं आणि तुकडा काढतं. टॅमॉक्सिफेन म्हणजे स्तनाच्या कर्करोगावर देतात तेच औषध. मक्याच्या तेलात मिसळून ते उंदराला टोचतात. पिएर शाँबों यांच्या फ्रान्समधल्या गटाने ही कुलपं पुष्कळ सुधारली.

गर्भाच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांना यामुळे घड्याळच मिळालं. सॉनिक हेजहॉग हे जनुक सुरुवातीपासून नसेल तर भ्रूणाच्या चेहऱ्याचे दोन भागच होत नाहीत, मधे एकच डोळा राहतो. तो उंदीर बोटांबद्दल काय सांगणार? पण हात-पायांचे कोंब फुटू लागल्यावर तेवढ्याच भागात हे जनुक काढता येतं. जितकं लवकर काढावं तितकी बोटं कमी येतात. इथे अर्ध्या दिवसाचा फरकही मोजावा लागतो. मादीची तपासणी रोज सकाळी करायची, मीलनाची खूण दिसली की त्या दुपारी गर्भ अर्ध्या दिवसाचा धरायचा. उंदराचं गर्भारपण जेमतेम १९ ते २१ दिवसांचं, त्यात आळस चालत नाही.

एक प्रयोग उभा करायला किती दिवस जातात?

दिवस नाही, महिने विचारा. तीन आठवडे गर्भ, तीन आठवडे आईजवळ, मग वयात यायला सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या पिढीत बाण एकाच प्रतीला असतात. त्या क्रीवाल्या पिल्लाचं दोन्ही प्रती बाणांच्या असलेल्या उंदराशी पुन्हा लग्न लावायचं. मग चारात एक पिल्लू हवं तसं मिळतं, बाण दोन्हीकडे आणि क्रीही आहे. एका वेताला आठ पिल्लं झाली तर दोन. त्यात नर पाहिजेत की माद्या, हा प्रश्न अजून बाकीच. सहा महिने कुठे गेले कळत नाही. आणि ते तयार उंदीर हातात आहेत असं धरून. बाण बसवण्यापासून सुरुवात असेल तर वेगळं गणित.

तुमचं स्वतःचं काय चुकलं?

हा प्रश्न एका एमएस्सीच्या मुलीने विचारला. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी विचारला नव्हता.

मेंदूत चालणारं म्हणून प्रसिद्ध असलेलं एक क्री मी वापरत होतो. पिल्लांच्या शेपटीचा टोकाचा कण घेऊन पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा पुष्कळ पटींनी वाढवून तो आहे का ते बघायची चाचणी) लावला, तर ज्या पिल्लांत क्री नाहीच त्यांच्यातही कापलेल्या जनुकाची पट्टी दिसली. दोन आठवडे मी नळ्या बदलल्या, पाणी बदललं, जोडीदाराशी भांडलो. शेवटी उमगलं की कात्री बापाच्या शुक्रपेशींतही चालली होती. कापलेलं जनुक पुढच्या पिढीत सरळ वारशाने गेलं होतं. म्हणजे माझे ‘फक्त मेंदू’वाले उंदीर अंगभर अर्धे नॉकआउट होते. पाच महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं.

आपल्या बेळगावात दुकानाची पाटी कन्नडमध्ये आहे म्हणून आत मराठी बोलत नाहीत असं कुणी समजतं का? क्रीच्या नावाचं तसंच आहे. नाव म्हणजे पाटी. आत काय चालतं ते आत जाऊन बघावं लागतं. स्वादुपिंडासाठी वर्षानुवर्षं वापरलेलं एक क्री मेंदूच्या हायपोथॅलॅमसमध्येही कापतं. मधुमेहाच्या अभ्यासातल्या काही क्री उंदरांत बांधणीच्या सोयीसाठी मानवी वाढ-संप्रेरकाचं जनुक टाकलेलं होतं आणि ते चक्क चालू निघालं. हृदयात फार क्री झालं तर बाण नसतानाही हृदय बिघडू शकतं.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. कात्री कुठे चालली ते चमकणाऱ्या साक्षीदाराने बघायचं. असे उंदीर मिळतात, ज्यांच्यात क्री चाललेली प्रत्येक पेशी लाल दिसते. कापलेल्या पट्टीसाठी वेगळा प्रायमर, म्हणजे पीसीआर कुठून सुरू करायचा ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा, प्रत्येक पीसीआरला लावायचा. फक्त क्री असलेले आणि फक्त बाण असलेले, दोन्ही भावंडं तुलनेला ठेवायची, आणि टॅमॉक्सिफेन सगळ्यांना द्यायचं, कारण ते स्वतः हाडांवर आणि प्रजननावर परिणाम करतं. शेवटी प्रथिन मोजायचं. जनुक आज गेलं तरी बनलेलं प्रथिन काही दिवस टिकतं, आणि शंभरातल्या काही पेशी कात्रीच्या हाताला लागत नाहीत त्या नाहीतच.

क्रिस्परने हे सगळं जुनं झालं ना?

नाही. क्रिस्पर म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापून बदलायचं नवं तंत्र. त्यामुळे बाण बसवायचं काम सोपं झालं, मूलपेशींचा लांबचा फेरा पुष्कळदा वाचतो. पण एकाच अवयवात, एकाच वेळी, हे काम आजही बहुतेक ठिकाणी क्रीच करतं.

हा उंदीर आणि आमच्या भाताच्या कणगीतला उंदीर एकच का?

जात जवळची. प्रयोगशाळेतला उंदीर छोटा, घरात फिरतो त्या चिमुकल्या उंदराच्या कुळातला. घूस किंवा मोठा रॅट हा वेगळा प्राणी. सर्वात जास्त वापरला जाणारा वाण काळा कुळकुळीत असतो, सी-५७ ब्लॅक-६ नावाचा. पिढ्यानुपिढ्या भावंडांतच लग्नं लावल्यामुळे त्यातले सगळे जवळजवळ जुळ्यांसारखे. आणि हो, पिंजऱ्यात अंथरायला आपल्याकडे पुष्कळदा निर्जंतुक केलेलं भाताचं तूस वापरतात. खानापूरच्या पाहुण्यांना हे ऐकून फार बरं वाटतं.

माणूस आणि उंदीर, संबंध काय?

दोघांचे पूर्वज सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरी २००२ मध्ये उंदराचा जनुकसंच वाचला तेव्हा ९९ टक्के जनुकांना माणसात जोड सापडली. मात्र जोड असली म्हणजे वागणं तेच असेल असं नाही. उंदरात चाललेलं औषध माणसात न चालल्याची उदाहरणं भरपूर आहेत. वर्तमानपत्रात ‘उंदरांमध्ये कर्करोग बरा’ असं वाचलं की पान उलटा.

निपाणीच्या डॉक्टर मित्राचा प्रश्न: काढायचं सोडून, जनुक चालू करता येतं का?

येतं. जनुकाच्या आधी बाणांच्या मधे एक ‘थांबा’ बसवायचा. क्रीने थांबा काढला की जनुक सुरू. टायलर जॅक्स यांच्या गटाने २००१ मध्ये केरॅस या कर्करोग घडवणाऱ्या जनुकाचं बिघडलेलं रूप असं झोपवून ठेवलं. मग क्री वाहून नेणारा विषाणू उंदराच्या नाकातून फुप्फुसात सोडायचा. मोजक्या पेशींत गाठ सुरू होते, बाकी शरीर धडधाकट. माणसाचा कर्करोगही असाच थोड्या पेशींतून सुरू होतो, म्हणून हे उंदीर मोलाचे.

“उंदरं मारूलालास व्हय रे?” (आत्याचा प्रश्न, गणपती समोर बसलेले असताना)

होय आत्या, मारतो. खोटं कशाला सांगू. पण मनाला येईल तसं नाही. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आणि प्रत्येक संस्थेची नीतिसमिती आहे. किती उंदीर, कशासाठी, वेदना होणार तर भूल कुठली, हे सगळं आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. प्राण्यावाचून भागत असेल तर प्राणी वापरू नका, संख्या कमी ठेवा, त्रास कमी करा, ही १९५९ पासूनची त्रिसूत्री आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. चारात तीन पिल्लं ‘नको ती’ निघतात, त्यांचा हिशेब मला अजूनही बोचतो. तुलनेसाठी भावंडंच वापरली तर त्यातली निम्मी तरी कामी येतात.

आत्याचं समाधान झालं नाही. तिने मोदक मात्र वाढला.

बेळगावात राहून यातलं काही शिकता येईल?

उंदीर सोडून बरंच. पीसीआर, जनुकाचा नकाशा वाचणं, प्रायमर काढणं, संख्याशास्त्र हे सगळं. संख्याशास्त्र टाळू नका, पुढे रडाल. अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीची उंदीर-जनुकांची माहितीपेढी मोबाईलवर फुकट उघडते. त्यात कुठलं क्री कुठे-कुठे गळतं याचा वेगळा विभाग आहे. एखादं जनुक धरा आणि त्याचे सगळे फ्लॉक्स्ड उंदीर शोधा, सुट्टीतला एक आठवडा मजेत जातो. पुढे नेट किंवा टीआयएफआरची जेजीईबिल्स परीक्षा देऊन बंगळुरातलं एनसीबीएस, आयआयएस्सी, हैदराबादचं सीसीएमबी, पुण्याचं आयसर, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक अशा संशोधन संस्थांचे रस्ते आहेत. मुलाखतीत मराठी माध्यमाची लाज धरू नका. कागद घ्या, दोन बाण काढा आणि बोलायला लागा.

कंडिशनल नॉकआउटला मराठीत काय म्हणायचं?

‘सशर्त जनुकलोप’ असं मी एकदा लिहून बघितलं. भावाने विचारलं, हे कोर्टाचं काही आहे का? तेव्हापासून नॉकआउटच म्हणतो. आमच्या पिंजऱ्यांवरची कार्डं इंग्रजीत असतात आणि उंदरांची देखभाल करणारे अण्णा धारवाडकडचे, कन्नड बोलणारे. फ्लॉक्स्ड हा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसला नाही. ते म्हणतात, “एरडु बाणद इली”. दोन बाणांचा उंदीर. बाण हा शब्द दोन्हीकडे एकच, त्यामुळे मीही आता तेच म्हणतो.